पेशी थांबवणारा थेंब

हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी कितीतरी महिने एक प्रथिन शोधत होते आणि ते काही केल्या दिसायला तयार नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि अभ्यासरजा घेऊन पीएच.डी. करायला तिकडे गेले होते. काम असं असायचं : काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्या फोडायच्या, आतली प्रथिनं लहानमोठी अशी वेगळी करून कागदावर उतरवायची, आणि शेवटी अंधाऱ्या खोलीत एक्स-रेची फिल्म धुवायची. प्रथिन असेल तिथे फिल्मवर काळी पट्टी उमटते. बाकीच्यांच्या पट्ट्या उमटायच्या. माझी फिल्म नव्या पाटीसारखी कोरी.

माझ्या शेजारी काम करणारी फरीदा जुनी हैदराबादी. ती मला म्हणायची, "मंदा, तेरा प्रोटीन हैच नै. नक्को ढूँढ."

आमचे मार्गदर्शक रेड्डी सर मात्र एके दिवशी माझी कोरी फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बन रहा है, लेकिन बनते ही टूट रहा है. तोड़नेवाले को रोको."

ह्या तोडणाऱ्याची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

पेशी दिवसरात्र प्रथिनं बनवते हे शाळेत शिकवतात. ती तितक्याच नेमाने प्रथिनं मोडतेही, हे फारसं कुणी सांगत नाही. आमचं घर हिंगोलीजवळच्या गोरेगावकडचं, मेंढरांचं. बाजारात मेंढरू विकलं गेलं की घेणारा त्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका मारतो. मग ते कळपात कितीही निवांत चरत असो, त्याचा सौदा झालेला असतो. पेशीतही असंच चालतं. जे प्रथिन मोडायचं त्याच्या अंगावर खुणा चिकटवल्या जातात. खूण लागलेलं प्रथिन पिंपासारख्या एका यंत्रात ओढलं जातं आणि आत त्याचे बारीक तुकडे होतात. त्या यंत्राचं नाव प्रोटिअसोम. आणि त्याला अडवणारी जी रसायनं आहेत ती प्रोटिअसोम इनहिबिटर. ती पिंपाच्या आतल्या पात्यांवर जाऊन बसतात. मेंढरांवर ठिपके पडत राहतात, पण पुढे काही होत नाही. मग आम्ही संशोधक मंडळी बघतो की मोडणं थांबल्यावर पेशीत काय काय साचतं आणि काय काय अडतं.

आमच्याकडचं रसायन होतं एमजी-एकशेबत्तीस. पांढरी पूड, एका तेलकट द्रवात विरघळवून ठेवलेली. पेशींना ते देऊन काही तास थांबले, मग नेहमीची सगळी कसरत केली आणि फरीदाला घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. लाल दिव्याखाली फिल्म ट्रेमध्ये सोडली. आधी काहीच नाही. मग एक करडी रेघ. ती बघता बघता काळी झाली, आणखी काळी झाली, आणि मी ओरडले ते बाहेर ऐकू गेलं. औषध न दिलेल्या पेशींची रांग पूर्वीसारखी रिकामी, आणि औषध दिलेल्या रांगेत ठसठशीत पट्टी!

"और ये ऊपर क्या गंदगी है?" फरीदा म्हणाली. पट्टीच्या वर धुरासारखा डाग होता. मलाही वाटलं, धुताना काहीतरी चुकलं.

रेड्डी सरांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. "गंदगी नहीं, यही तो है!" तो धूर म्हणजे माझंच प्रथिन होतं; खुणा लागून जड झालेलं, आत जायला निघालेलं आणि यंत्र बंद पडल्यामुळे खोळंबलेलं. पाठीवर रंग लागलेली मेंढरं फाटकाशी गर्दी करून उभी असावीत, तसा तो डाग मला दिसला.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून गोरेगावच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने आबांना, माझ्या वडिलांना, बोलावून आणलं.

"आबा, सापडलं माझं!"

"सापडलं का? लई बेस झालं," आबा म्हणाले. "आता ध्यान ठेव. पुन्हा हरवायचं."

प्रबंध लिहून झाला, रजा संपली. निघायच्या दिवशी फरीदाने उरलेलं द्रावण एका छोट्या कुपीत भरून दिलं. रेड्डी सरांची परवानगी होतीच. "हिंगोली में किसको रोकेगी?" तिने हसत विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं? पण ती कुपी हातात घेताना मला जे वाटलं ते पदवी घेतानाही वाटलं नाही. बर्फ भरलेल्या थर्मासात ती ठेवली आणि गाडीत बसले.

नांदेडला उतरून हिंगोलीची एसटी धरली. उन्हाळा मी म्हणत होता. कळमनुरीच्या स्टँडवर बस थांबली ती पुढे जाईचना. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत वाकला, कंडक्टर दुसरी गाडी येते म्हणाला आणि चहाला गेला. मी थर्मास उघडला. बर्फाचं पाणी झालेलं. ते द्रावण साध्या थंडीतही गोठतं, पण आता कुपी हलवली तर आत डुचमळत होतं.

बाजाराचा दिवस होता म्हणून वाचले. स्टँडबाहेर एक कुल्फीची गाडी उभी होती. मिठाचा बर्फ साध्या बर्फापेक्षा कितीतरी थंड असतो, हे मी दरवर्षी मुलांना शिकवायची. मी धावतच गेले. गाडीवाल्याचं नाव रशीदभाई, असं गाडीवरच रंगवलेलं होतं.

"रशीदभाई, मिठाचा बर्फ द्या थोडा."

"बर्फ काहून? कुल्फी घ्या ना बाई."

"कुल्फी पण घेते. ही कुपी थंड राहायला पायजे."

त्यांनी कुपी उन्हात धरली. "येवढुसं पाणी! पोलिओचा डोस हाये का?"

"न्हाई हो. पेशी थांबवायचं औषध आहे."

माझ्या मागे कुल्फीसाठी उभे असलेले एक म्हातारे बाबा हे ऐकून एकदम पुढे आले. त्यांच्या काखेत कागदांची पिशवी होती. "पेशी थांबवता तुमी? माही पेशी हाये हिंगोलीच्या कोर्टात. बांधाचा वाद हाये. पार थकून गेलो तारखा करून करून. थांबवा की बाई तेवढी!"

आमच्या भागात निजामाच्या काळापासून कोर्टातल्या तारखेलाही पेशीच म्हणतात, हे मी हैदराबादेत राहून विसरले होते! बाबांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शरीरातली पेशी, कोर्टातली नव्हे, हे त्यांना पटलं. पण मग अशी पेशी थांबवून कोणाचं भलं होणार, हे पटेना. तोवर रशीदभाईंनी थर्मास गच्च भरून दिला होता. दुसरी बस आल्यावर बाबा माझ्याच शेजारी बसले आणि हिंगोली येईपर्यंत मला बांधाचा वाद सांगत राहिले. मी थर्मास मांडीवर धरून मान डोलवत होते. कुपीतलं द्रावण पुन्हा घट्ट झालं होतं आणि मला त्या क्षणी जगात कशाची तक्रार नव्हती.

कॉलेजात आमचे विभागप्रमुख होते पाठक सर. निवृत्तीला आलेले, करड्या शिस्तीचे, पण माणूस सरळ. प्रयोगशाळेला लागून एक छोटी खोली होती, तीत मी फ्रीज आणि दोन सूक्ष्मदर्शक मांडले. मुलं तिला पेशींची खोली म्हणायला लागली. आणि तेवढ्यात बातमी आली की प्राचार्यांना ती खोली नव्या कॉम्प्युटर कोर्ससाठी हवी आहे. तेव्हा जिकडे तिकडे कॉम्प्युटरचंच वारं होतं.

पाठक सरांनी मला बोलावलं. "मॅडम, खोलीसाठी मी भांडेन. पण भांडायला काहीतरी हातात द्या. हिंगोलीत बसून ह्या खोलीत असं काय होतं, जे खडू-फळ्यावर होत नाही?"

हैदराबादची यंत्रं इथे नव्हती. ना पेशी वाढवायची पेटी, ना अंधारी खोली. पण एक गोष्ट होती. प्राणिशास्त्राच्या मुलांनाही पेशीचं विभाजन शिकायला कांद्याचीच मुळं लागतात. पाण्यावर कांदा ठेवला की मुळं फुटतात. मुळाचं टोक रंगवून काचेवर दाबलं की एका पेशीच्या दोन होताना वेगवेगळ्या टप्प्यांत दिसतात. त्यात एक टप्पा मोठा देखणा. गुणसूत्रं, म्हणजे वारसा वाहून नेणारे ते काळेलाल धागे, जोडीजोडीने पेशीच्या मधोमध एका ओळीत येऊन उभी राहतात. मग जोड्या सुटतात आणि एकेक जण एकेका टोकाला जातो. ह्या जोड्या सुटण्याआधी त्यांना सुटू न देणारं एक राखणदार प्रथिन मोडावं लागतं. आणि ते मोडतो कोण? प्रोटिअसोम! म्हणजे माझ्या कुपीतला थेंब मुळाला दिला तर पेशी बरोबर त्या ओळीवर अडायला हव्यात. हे बघायला साधा सूक्ष्मदर्शक आणि खिडकीतलं ऊन पुरे होतं.

शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी मदतीला आले. सुनीता नरसीची, तिच्या घरचं देवळाच्या वाटेवर पेढ्याचं दुकान. गजानन कळमनुरीचा. त्याने घरून अगदी छोटे कांदे आणले, आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांच्या तोंडावर ते बरोबर बसले. औषध थोडंच, म्हणून बाटल्याही छोट्याच. काही बाटल्यांत औषध, काहींत तो तेलकट द्रव तेवढा, काहींत साधं पाणी.

पहिला प्रयोग साफ फसला. औषधातल्या मुळांच्या पेशी बाकीच्यांसारख्याच खुशाल विभागत होत्या. मी स्लाइडमागून स्लाइड बघत गेले. कळमनुरीच्या उन्हात कुपी मेली, असंच मनात आलं.

सुनीता बाटल्या धुवायला घेऊन गेली होती, ती तशीच परत आली. "मॅडम, ह्या बाटलीत तळाला पीठ बसलंय बघा."

पीठ! पाण्यात टाकल्याबरोबर औषध विरघळण्याऐवजी फुटून खाली बसलं होतं. मुळांना ते मिळालंच नव्हतं. फरीदा ह्याच चुकीवरून नव्या मुलांना झापायची, आणि मी गार पाण्यात सगळं एकदम ओतून मोकळी झाले होते. मला त्या पिठाचा इतका आनंद झाला की मुलं माझ्याकडे बघतच राहिली. औषध जिवंत होतं!

दुसऱ्या वेळी पाणी कोमट घेतलं, गजाननने बाटली हलवत धरली आणि मी थेंब थेंब सोडला. पाणी आरशासारखं स्वच्छ राहिलं. काही तासांनी मुळांची टोकं कापली, रंगवली, काचेवर दाबली. पहिल्यांदा गजाननच बसला. काच इकडून तिकडे सरकवत गेला. मग एकदम म्हणाला, "मॅडम, समद्या लाइनीत उभ्या राहिल्या! एक बी पळून न्हाई राहिली!"

मी पाहिलं. ज्या पेशी विभागायला निघाल्या होत्या त्यांतली जवळजवळ प्रत्येक त्याच ओळीवर होती. काच सरकवावी तिथे तीच ओळ, मधोमध, आखल्यासारखी. साध्या पाण्यातल्या मुळात नेहमीचे सगळे टप्पे. आम्ही तिघं त्या खोलीत अक्षरशः नाचलो.

पाठक सर आले, बसले, त्यांनी बघितलं. "कोल्चिसिनही पेशी थांबवतं. त्यात नवं काय?" कोल्चिसिन हे जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं रसायन. मग त्यांनी स्वतःच कपाटातली कोल्चिसिनची जुनी स्लाइड काढली आणि शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्यात गुणसूत्रं विस्कटून पडलेली, सांडल्यासारखी. आमच्यात ओळ शाबूत. सर दोन्हींत आळीपाळीने बघत राहिले.

"हे वेगळं आहे, मान्य," ते म्हणाले. "पण ह्या पेशी मेल्या असतील तर? विष घातलं तरी माणूस थांबतोच की."

रंगवलेली पेशी मेलेलीच असते. ती आधी जिवंत होती की नाही, हे तिला विचारता येत नाही.

तेवढ्यात एक माणूस येऊन दारात उभा राहिला. सुनीताच्या गावचा. कॉलेजच्या मॅडमकडे पेशी थांबवायचं औषध आहे, ही गोष्ट पेढ्याच्या दुकानावरून गावभर झाली होती. त्याच्या हातात रिपोर्टांची पिशवी होती.

"माह्या बायकोला गाठ हाये मॅडम. वाढूनच राहिली. तुमचं ते औषध..."

"दादा, ते माणसाला द्यायचं औषध नाही. कांद्याच्या मुळाला देतो आम्ही, अभ्यासासाठी."

"थोडं बी न्हाई का?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं, रिपोर्ट वाचले. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात कुठे जायचं, कोणाला भेटायचं ते समजावलं. तो हात जोडून गेला. पुढे काही वर्षांनी ह्याच जातीचं एक औषध रक्ताच्या एका कॅन्सरवर खरंच आलं. ते वाचलं त्या दिवशी मला आनंद झाला आणि लगेच तो माणूस आठवला. त्याच्या बायकोची गाठ वेगळी होती, आणि मी दिलं ते उत्तर बरोबरच होतं. तरी ते देताना मान वर करवली नव्हती.

तो गेल्यावर पाठक सर हळूच म्हणाले, "मॅडम, हे थांबवतं की मारतं, हे आपल्याला कळायलाच हवं."

कुपीत शेवटचं, जेमतेम एका वेळेपुरतं द्रावण उरलं होतं. दुसरी कुपी मिळण्याची आशा नव्हती, आणि खरंच पुढे ती कधी मिळाली नाही. पण एमजी-एकशेबत्तीसचा एक गुण मला माहीत होता. ते यंत्राच्या पात्यांवर कायमचं चिकटत नाही. धुतलं तर निघून जातं. पेशी नुसत्या अडल्या असतील तर धुतल्यावर त्या सुटायला हव्यात. मेल्या असतील तर ओळ तशीच राहील.

सकाळीच मुळं औषधात ठेवली. दुपारी पाठक सरांनी स्वतःच्या हाताने एक मूळ रंगवून खात्री केली : ओळी लागल्या होत्या. मग कांदे पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवले, खळबळून धुतले आणि ताज्या पाण्यावर ठेवले. आता थोड्या थोड्या वेळाने एकेक मूळ कापून बघायचं.

पहिलं मूळ : ओळ. दुसरं मूळ : ओळ. लोडशेडिंगमुळे वीज नव्हती. सूक्ष्मदर्शकाला खिडकीतून आरशावर येणारा उजेड, आणि उन्हं कलायला लागली होती. नरसीची जीप सुटायची वेळ झाली तरी सुनीता जागची हलली नाही. तिसऱ्या मुळातही ओळ. पाठक सर घड्याळ बघून वेळ वहीत टिपत होते.

पुढचं मूळ सुनीताने बसवलं. काचेवर अंगठा दाबला, भिंगाला डोळा लावला, स्क्रू फिरवला.

"मॅडम," ती म्हणाली. "मॅडम, ह्या निघाल्या."

मी तिला जवळजवळ ढकललंच. निघाल्या होत्या! मधली ओळ फाटून दोन ओळी झाल्या होत्या, आणि गुणसूत्रं आपापल्या टोकाकडे चालली होती. काच सरकवली, शेजारची पेशी तशीच. तिच्या पलीकडचीही. एवढा वेळ खोळंबलेल्या सगळ्या जणू एकाच शिट्टीवर निघालेल्या. जिवंत होत्या! पूर्ण वेळ जिवंत होत्या! गजानन बाकावर चढून ओरडत होता, सुनीता रडत होती आणि हसत होती.

पाठक सर स्टुलावर बसले. आरसा उजेडाकडे वळवत, काच एकेक रेषा सरकवत, ते बघत राहिले. गोंगाट ऐकून प्राचार्य आले, दारातूनच म्हणाले, "काय चाललंय इथे?"

"सर, तुमी बघाच," म्हणत गजाननने त्यांना दुसऱ्या सूक्ष्मदर्शकापाशी नेलं, आधीची थांबलेल्या पेशींची स्लाइड दाखवली. मग ते पाठक सरांच्या सूक्ष्मदर्शकाकडे आले, पण सर उठेनात. प्राचार्य थोडा वेळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

"कॉम्प्युटर वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बसतील," ते शेवटी मला म्हणाले. "ही खोली राहू द्या तुमच्याकडे."

पाठक सरांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. भिंगावरून डोळा न काढता ते म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर मी वर्गात सांगत आलो, 'नंतर गुणसूत्रं वेगळी होतात.' एका वाक्यात. त्या 'नंतर'मध्ये एवढं काही आहे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं हो."

मग घाईघाईने, उजेड जाईल म्हणून, त्यांनी मागे हात पसरला. "आणखी एक मूळ आहे का?"

होतं. गजाननने ते चिमट्यात धरलंही होतं.